पेटी कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराची पुढची खोली कापसानं भरलेली होती. भाव पडले होते आणि बाबा म्हणाले, थांबू थोडं. त्यामुळे वेचा झाला की कापूस थेट खोलीत. पौष लागेपर्यंत ढीग खिडकीच्या वर गेला. कापूस भरलेल्या घराला एक वास असतो, सरकीचा आणि कोंडलेल्या उन्हाचा. अंगाला बारीक खाज सुटते, बिडी ओढणारा पाहुणा आला तर त्याला अंगणातच बसवावं लागतं, आणि रात्री उंदरांची खसफस ऐकू येते. मी अमरावतीहून दोन दिवसांसाठी आले होते. संध्याकाळी लाइट गेली. बाबा ढिगाला पाठ टेकून बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "लाव ना तुह्या त्या डब्यात काई."

लॅपटॉपची बॅटरी दीड-पावणेदोन तास टिकेल एवढी होती. मी माझा सगळ्यात आवडता विनोदी चित्रपट लावला. १९७२ सालचा, फ्रेंच. नाव मराठीत सांगायचं तर ‘एका पायात काळा बूट घातलेला सोनेरी केसांचा उंच माणूस’. दिग्दर्शक इव्ह रोबेर, पटकथा त्याची आणि फ्रान्सिस वेबेरची, आणि तो उंच माणूस म्हणजे पिएर रिशार. नागपूरला होस्टेलवर राहत होते तेव्हा एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी तो पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून मन उदास असलं की मी तो लावते. पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेल. बाबांना फ्रेंच येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. पडद्याखाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्या मी वऱ्हाडीत सांगत गेले.

"फ्रान्सच्या हेरखात्यात दोन सायब हायेत, बाबा. मोठ्याची खुर्ची लहान्याले पाह्यजे."

"त्यात काय नवल," बाबा म्हणाले. "ग्रामपंचायतीत बी तेच हाय."

तेवढ्यावर त्यांची बैठक जमली. गोष्ट अशी आहे. मोठा साहेब तुलूझ, त्याच्या हाताखालचा मिलाँ. मिलाँनं तुलूझला बदनाम करायचा डाव टाकलेला असतो आणि तुलूझच्या घरात चोरून ऐकायची यंत्रं बसवलेली असतात. तुलूझला ते ठाऊक असतं. म्हणून तो मुद्दाम त्या यंत्रांना ऐकू जाईल असं बोलतो: उद्या सकाळी साडेनऊला ओर्ली विमानतळावर एक जबरदस्त माणूस उतरतो आहे, तो या सगळ्या प्रकरणाचा छडा लावणार. असा माणूस मुळात नसतोच. तुलूझ आपल्या विश्वासातल्या एकाला विमानतळावर पाठवतो. सांगतो, गर्दीतला कोणीही निवड. तो जिन्याजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत राहतो, आणि त्याला दिसतो एक उंच, गबाळा, कुरळ्या केसांचा माणूस. एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात तांबूस. वाद्यवृंदातल्या सोबत्यांनी केलेली गंमत. फ्रान्स्वा पेरँ, व्हायोलिन वाजवणारा. झालं, त्याच्या नावानं चिठ्ठी निघाली.

"त्याचा एक जोडा काया अन् एक लाल काहून?" बाबांनी विचारलं.

"दोस्ताइनं मजाक केला त्याची."

"अन् तो तसाच आला?"

"तसाच आला."

बाबा हसले. पहिलं हसू ते. दोन वेगळ्या जोड्यांत विमानातून उतरून घरी निघालेला माणूस त्यांना एकदम पटला. पुढे मिलाँची माणसं पेरँच्या मागे लागतात. त्याचं घर उलथंपालथं करतात, भिंतीत यंत्रं बसवतात, बाहेर गाडीत कान लावून बसतात. पेरँ व्हायोलिनचा सराव करतो, कुठेतरी धडपडतो, एका मित्राच्या बायकोत त्याचा जीव गुंतलेला आहे (हा भाग मी बाबांना जरा गाळून सांगितला), आणि या प्रत्येक गोष्टीचा मिलाँ काहीतरी भयंकर अर्थ लावतो. संगीतही असं आहे की पाय थांबत नाहीत. व्लादिमीर कोस्माचं. त्यात रोमानियाच्या घेओर्घे झामफिरनं वाजवलेलं एक वाद्य आहे, लहानमोठ्या नळ्या एकमेकींना बांधल्यासारखं. बाबांनी मान वर केली. "हा पावा होय काय?" मी म्हटलं, पाव्याचंच भावंड.

अर्धा चित्रपट झाला असेल. पडद्यावर पेरँ काही न कळता रस्त्यानं चाललेला, मागे चार-पाच जण. बाबा म्हणाले, "हे सगळे याच्या मांगं काहून लागले? हा त आपल्या पेटीवाल्यावानी हाय."

मी चित्रपट थांबवला. इतक्या वेळा पाहूनही मला हे कधी सुचलं नव्हतं.

पेटीवाल्याची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा चौथीत होते, म्हणजे १९९२ च्या आसपास. आमचं गाव वर्धा नदीच्या काठाला, तिवसा तालुक्यात, मोझरीपासून फार लांब नाही. त्यामुळे तुकडोजी महाराजांच्या भजनांचं वेड पहिल्यापासून. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, गुरुवारी भजन, खंजिऱ्या पाच-सहा आणि पेटी एक. पेटी म्हणजे हार्मोनियम. ती आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या ताब्यात असायची. त्या पावसाळ्यात उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं आणि पेटी फुसफुस करायला लागली. आबाजींनी नागपूरच्या एका कारागिराला पोस्टकार्ड टाकलं आणि कोणाला सांगायचं राहून गेलं.

कार्तिकातला दिवस. अकराच्या एसटीतून एक गृहस्थ उतरले. राखाडी सफारी, पायात बूट, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, हातात कुलूप लावलेला काळा डबा. त्या काळी आमच्याकडे सफारी कोण घालायचं? एक तर साहेब, नाही तर नवरदेवाचा भाऊजी. लग्नसराई सुरू झाली नव्हती. ते सरळ पाराजवळच्या पानठेल्यावर आले आणि त्यांनी शहरी मराठीत विचारलं, "पेटी कुठे आहे?"

पानठेलेवाल्यानं विचारलं, "कोनती पेटी?"

"गावाची हो. बिघाड आहे ना तिच्यात? पत्र आलं होतं. कुठे गळतंय ते उघडून बघावं लागेल."

त्या वर्षी आमच्या गावात अर्ध्याहून जास्त घरांवर आकडे होते. खांबावरून आलेल्या तारेवर बांबूनं आकडा टाकायचा आणि घरात दिवा पेटवायचा. आणि गावात दुसरी एक पेटी होती, रोहित्राच्या खाली लोखंडी दारांची, फ्यूजची. सगळे तिलाही पेटीच म्हणायचे. एक माणूस सफारीत येतो, पेटी विचारतो, गळती शोधायची म्हणतो, आणि वर सांगतो की पत्र आलं आहे. पानठेलेवाल्यानं पोराला डोळ्यानं खुणावलं. पोरगं सायकलवर बसून मागच्या गल्लीनं सुटलं.

मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेच्या खिडकीतून आमची गल्ली दिसायची. बाया लांब बांबू घेऊन बाहेर आल्या आणि एकेक आकडा खाली यायला लागला. कोणी काही बोलत नव्हतं, नुसती धावपळ. चक्की बंद पडली. आमच्या घरी एक विजेची शेगडी होती, विटेत कॉइल बसवलेली. ती बाबांनी उचलली आणि माय ओरडत असताना, गरम असतानाच, पोत्यात गुंडाळून तुरीच्या ढोल्यात घातली. तुरीला जळका वास बरेच दिवस येत होता.

पेटीवाल्या काकांना सरपंचांच्या ओसरीवर खुर्ची मिळाली. पोहे आले. कपबशीतला चहा आला, दुधाचा, जास्त साखरेचा. त्यांच्याभोवती वीस-पंचवीस माणसं उभी. त्यांनी आपुलकीनं चौकशी सुरू केली.

"किती वर्षं झाली बसवून?"

"आठ-धा वर्सं झाली, सायब."

"मध्ये कोणी उघडली होती का? अर्धवट माहितीच्या माणसानं हात घातला की सगळं बिघडतं."

"नाई सायब, कोनीच हात नाई लावत."

"सगळे चालू आहेत, की काही दबलेले आहेत?"

सरपंच गोंधळले. ते म्हणाले, "सगळे परामानिक हायेत, सायब."

गावभर तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं, आणि आज विचार करते तेव्हा मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. पत्र आलं म्हणजे कोणीतरी लिहिलं. कोणी लिहिलं? तासाभरात तीन नावं निघाली. पहिलं आमच्या गुरुजींचं, कारण गावात सगळ्यांची पत्रं तेच लिहून द्यायचे. दुसरं, निवडणूक हरलेल्या एकाचं. तिसरं शिंप्याचं, कारण त्याच्याकडे मीटर होतं, तो बिल भरायचा, आणि त्यामुळे त्याचं पोट दुखत असणार. हा आधी मान खाली घालून का गेला? तो काल अमरावतीला कशाला गेला होता? ज्या गोष्टींकडे कधी कोणाचं लक्ष गेलं नव्हतं त्या सगळ्या एका दिवसात पुरावा झाल्या. शिंपी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेला, तर लोक म्हणाले, पाहा, पळाला. त्याच्या मुलाला ताप होता.

आबाजी वावरातून बंडी घेऊन आले तेव्हा दिवस मावळत होता. ओसरीवरची गर्दी पाहून त्यांनी बैल तिथंच थांबवले. "आले काय पेटीवाले?" ते म्हणाले. "मीनंच कार्ड टाकलं होतं. चाला, देवळात हाय पेटी."

एक क्षण कोणालाच काही समजलं नाही. मग पानठेलेवाला हसायला लागला, मग सरपंच, आणि मग सगळं गाव. पेटीवाले काकाही हसले. ते कशाला हसताहेत हे त्यांना कळलेलं नव्हतं. गाव आनंदात आहे म्हणून तेही आनंदात. ते आबाजींना म्हणाले, "तुमच्या गावासारखं गाव मी पाहिलं नाही. एका पेटीसाठी सगळे कामं सोडून उभे आहेत."

हे त्यांचं वाक्य मला फार आवडतं. गाव त्यांना साहेब समजलं आणि ते गावाला संगीतवेडं समजले. दोन्हीकडे चूक, आणि दोन्हीकडे त्या चुकीचा त्रास कोणाला नाही. चांगल्या गैरसमजाची गोष्ट अशीच विणलेली असते. एकाच बाजूला खुळं ठरवलं तर ती टवाळी होते. पेरँसुद्धा असाच आहे. पाठ उघडी असलेल्या काळ्या झग्यातली ती सुंदर क्रिस्तीन (मिरेय दार्कनं केलेली) आपल्याकडे एवढी का बघते आहे, हे त्याला उमगत नाही. त्याला वाटतं, बहुतेक आपलं व्हायोलिन आवडलं असेल.

रात्री देवळात पेटी उघडली. मी आबाजींच्या मांडीला टेकून बसले होते. वरची फळी काढली की आत पितळी पात्यांची रांग दिसते, फणीच्या दातांसारखी, लांबपासून आखूडपर्यंत. काकांनी एकेक पाती बोटानं उचलून पाहिली. एक सूर खाली उतरला होता. त्यांनी पातीच्या टोकाशी कानसेनं अगदी हलकं घासलं, फुंकर मारली, पट्टी दाबली, पुन्हा घासलं. टोक हलकं झालं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, असं त्यांनी मला सांगितलं. भात्याला नवं कातडं सरसानं चिकटवलं. ते वाळेपर्यंत खंजिरीवर भजन झालं. नंतर त्यांनी पेटी वाजवली, डोळे मिटून, चष्मा कपाळावर सरकलेला. शिंपी मुलाला खांद्यावर घेऊन दाराशी आला होता. लोकांनी त्याला पुढे जागा करून दिली. कोणी काही बोललं नाही. त्या रात्री अर्धं गाव अंधारात होतं, आकडे पुन्हा टाकायचं कोणाला सुचलंच नाही. देवळात कंदील होते.

बाबांनी ही गोष्ट कापसावर बसून नव्यानं सांगितली, मी ती नव्यानं ऐकली, आणि मग आम्ही पुढचा चित्रपट पाहिला. मला वाटतं, तेव्हाच मला तो नीट दिसला.

हेरांच्या गैरसमजाच्या चित्रपटात निवडलेला माणूस कोणीही चालतो, पण त्याला एक काम मनापासून येत असलं पाहिजे. पेरँ रिकामटेकडा असता तर मिलाँला त्याच्यात वाचायला काही सापडलं नसतं. तो सूर लावतो, स्वरलिपीत खुणा करतो, वेळा पाळतो. प्रत्येक कसबाची एक भाषा असते आणि ती बाहेरच्याला गुप्त खुणांसारखीच वाटते. दबलेले सूर, गळता भाता, काळी चार. आमच्याकडे कापूस घेणारा व्यापारी बोंड हातात धरून लांबी, ओल, कवडी असं पुटपुटतो, तेव्हा तेही एखाद्या परक्याला सांकेतिकच वाटेल. म्हणूनच पिएर रिशार मला थोर नट वाटतो. तो विनोद करायचा म्हणून करत नाही. तो आपल्या कामात असतो. त्याचे लांब हात, त्याचं अडखळणं, सगळं एका माणसाचं आपल्या धुंदीत असणं आहे, आणि त्या धुंदीमुळेच पेरँचा जीव वाचतो.

आणि त्याच्यासमोर बेर्नार ब्लियेनं केलेला मिलाँ. गंभीर, जाडजूड, एकदाही न हसणारा. सगळा चित्रपट त्याच्या कल्पनेनं लिहिलेला आहे. तुलूझ त्याला फक्त एक कोरी पाटी देतो आणि मिलाँ स्वतःच्या भीतीनं ती भरतो. स्वतः कट केलेला आहे म्हणून त्याला सगळीकडे कट दिसतो. आमच्या गावानं आकडे टाकलेले नसते तर सफारीतल्या माणसाला कोणी दोनदा पाहिलंही नसतं. हिचकॉकच्या १९५९ च्या प्रसिद्ध रहस्यपटातही असंच आहे. तिथे तर ज्या हेराला शोधताहेत तो अस्तित्वातच नाही, आणि जाहिरात कंपनीतल्या एकानं हॉटेलात चुकीच्या क्षणी पोऱ्याला हात दाखवला एवढ्यावर तो हेर ठरतो. पण तो चित्रपट अंगावर काटा आणतो, आणि मला इथे हसण्याबद्दल बोलायचं आहे. या फ्रेंच चित्रपटाची १९८५ साली हॉलिवूडमध्ये नक्कल झाली, टॉम हँक्सला घेऊन, लाल बुटाची. मला त्यात तो जीव सापडला नाही.

१९७२ हे साल मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्या साली आमी मिलो खाल्ला. रेशनची तांबडी ज्वारी, भाकर थापली की तुटायची. बाबा पंधरा वर्षांचे होते. त्याच हंगामात राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि बंड्यांच्या रांगा लागल्या, हेही त्यांना आठवतं. अमेरिकेत त्याच साली जून महिन्यात वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून ऐकायची यंत्रं बसवायला गेलेले पाच जण पकडले गेले होते. वर्षाच्या शेवटी पॅरिसमध्ये हा चित्रपट लागला. भिंतींना कान असलेल्या त्या दिवसांत लोकांनी थिएटरात बसून त्या कानांना हसून घेतलं असणार. हसल्यानं भिंतीतलं यंत्र निघत नाही, पण त्याची भीती थोडी कमी होते, एवढं मी स्वतःवरून सांगू शकते.

एक गोष्ट मात्र मला सोडता येत नाही. गैरसमज नेहमी चहा-पोह्यांवर संपत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत आले होते. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर आधीच पोचलेली होती. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला पहिल्यांदा पेटीवाले काका आठवले होते, आणि हसू आलं नव्हतं. त्यांच्याही हातात कुलूप लावलेला डबा होता. तेही परके होते, त्यांच्याही बोलण्याचा अर्थ गावानं आपल्या भीतीनं लावला होता. पण त्यांच्या अंगावर सफारी होती. गावाच्या भीतीत मान मिसळलेला होता, म्हणून खुर्ची आली. गोसाव्यांच्या अंगावर झोळी होती. साध्या माणसाला आपण मोठा समजतो तेव्हा त्या चुकीतून हसण्याची गोष्ट होते. साध्या माणसाला आपण वाईट समजतो तेव्हा ती चूक दुरुस्त करायला वेळच उरत नाही. पेरँच्या मागे लागलेले हेरही शेवटी बंदुका काढतात, एकमेकांनाच संपवतात. हा विनोद त्या काठावरूनच चालतो. मला तो हलका कधी वाटला नाही.

आमच्या गावापासून नदीच्या काठानं गेलं की कौंडण्यपूर लागतं. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोकांना ते ठाऊक आहे, कार्तिकात यात्रा भरते. पण तेच कुंडिनपूर, दमयंतीचंही गाव, असं आबाजी सांगायचे. नल-दमयंतीची गोष्ट मी त्यांच्याकडून ऐकली आणि पुढे महाभारताच्या वनपर्वात वाचली. बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. त्यात स्वयंवराला एक नाही, पाच नल येऊन बसतात. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघांनी नलाचं रूप घेतलेलं. हुबेहूब. दमयंतीनं खरा नल कसा ओळखला? चौघांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगावर घाम नव्हता, हार टवटवीत होते, पाय जमिनीला टेकलेले नव्हते, सावली पडत नव्हती. पाचव्याच्या गळ्यातला हार कोमेजलेला, अंगाला धूळ, घाम, पापण्या लवताहेत. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली.

आणि पुढे तर ती गोष्ट सरळ हेरांचीच होते. नल द्यूतात सगळं हरतो, कर्कोटक नागामुळे त्याचं रूप बदलतं आणि तो बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. दमयंती ब्राह्मणांना गावोगाव पाठवते. पुन्हा स्वयंवर होणार अशी खोटी बातमी ती फक्त ऋतुपर्णाच्या कानावर घालते, कारण एका दिवसात एवढं अंतर रथ हाकणारा एकच माणूस तिला माहीत असतो. म्हणजे तुलूझनं ओर्लीची खोटी बातमी पेरली, त्याच्या कितीतरी आधी आमच्या दमयंतीनं तेच केलं होतं. बाहुक येतो तेव्हा ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर पाळत ठेवायला सांगते. केशिनी येऊन एकेक गोष्ट सांगते: ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होतं, रिकाम्या भांड्यांकडे पाहिलं की ती पाण्यानं भरतात, मूठभर गवत उन्हात धरलं की पेटतं. मग दमयंती त्यानं शिजवलेलं मांस मागवते, चाखते, आणि चवीवरून ओळखते. शेवटी मुलांना पाठवते. त्यांना जवळ घेऊन तो रडतो.

केशिनीनं जे केलं तेच मिलाँची माणसं करतात. दारामागे उभं राहणं, बारीकसारीक टिपणं, धन्याला येऊन सांगणं. पण दमयंतीला आपला माणूस सापडावा असं वाटत होतं, म्हणून तिला माणूस सापडला. मिलाँला शत्रू सापडावा असं वाटत होतं. त्याच्या समोर जोडे चुकीचे घातलेला, घाम येणारा, पापण्या लवणारा एक माणूस दिवसभर वावरत होता आणि त्याला तो एकदाही दिसला नाही. चित्रपटात ओळख पटते ती फक्त क्रिस्तीनला. तीही पाळत ठेवायलाच आलेली आहे. पण जवळ बसल्यावर तिच्या लक्षात येतं की हा खरोखरच व्हायोलिन वाजवणारा आहे आणि बाकी काहीच नाही, आणि तिथून तिचा जीव त्याच्यात अडकतो. ज्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं तिथे मी दर वेळी थांबते. त्या रात्रीही थांबले.

"हिले कयलं," बाबा म्हणाले. मी काही सांगितलं नव्हतं. त्या प्रसंगात खाली ओळही नव्हती.

शेवटाला दहा-बारा मिनिटं उरली असतील. पेरँच्या घरात माणसं शिरलेली, गोळ्या चाललेल्या, आणि पडदा काळा झाला. बॅटरी संपली. खोलीत एकदम अंधार, आणि कापसाचा तो वास, जो उजेड असताना जाणवत नाही एवढा जाणवला. मायनं आतून विचारलं, झालं काय? बाबा म्हणाले, रायलं थोडंसं.

मी म्हटलं, लाइट आली की दाखवते, नाही तर तोंडी सांगते.

"काहाले?" बाबा म्हणाले. ते ढिगावर थोडे वर सरकले, कापूस दबल्याचा मऊ आवाज आला. बराच वेळ ते गप्प होते. मला वाटलं, झोपले.

"त्यानं ते बाजा काढला असन मंग," अंधारातून आवाज आला. "अन् वाजवला असन. मंग कयलं असन सगळ्याइले."